रखमाबाईंचा शुक्रवार

२७ डिसेंबर १९०७. सुरतेच्या इतिहासात ही तारीख काँग्रेसच्या फुटीची आहे. तापीकाठच्या फ्रेंच गार्डनमधल्या मंडपात त्या दुपारी जोडा भिरकावला गेला, खुर्च्या फेकल्या गेल्या आणि जहाल-मवाळ वेगळे झाले. त्याच शहरात बायकांचं एक इस्पितळ होतं. ते सांभाळत होत्या त्रेचाळीस वर्षांच्या एक मराठी डॉक्टर, रखमाबाई. त्या १८९५ साली इथे आल्या आणि प्लेग आला, दुष्काळ आला, तरी सुरत सोडून गेल्या नाहीत.

रखमाबाई म्हटलं की आपल्याला आठवतो तो नवऱ्याने नांदायला येण्यासाठी त्यांच्यावर केलेला खटला. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, १८८४ ते १८८८. चार वर्षांच्या त्या भांडणावर पुस्तकं झाली, चित्रपट झाला. डॉक्टरकी त्यांनी सुमारे पस्तीस वर्षं केली, आणि ती मात्र आपण शेवटच्या परिच्छेदात उरकतो: 'पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांनी रुग्णसेवा केली.' माझं स्वतःचं आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलं, म्हणून हे एक वाक्य मला पुरत नाही. रुग्णसेवा केली म्हणजे सकाळी उठून काय केलं? म्हणून त्या पस्तीस वर्षांमधला हा एक शुक्रवार मी मांडते आहे. यातल्या पेशंट आणि घड्याळातल्या वेळा माझ्या कल्पनेतल्या आहेत. कामं मात्र त्या काळच्या कुठल्याही जनाना इस्पितळात रोजच होणारी आहेत, आणि रखमाबाईंच्या आयुष्यातल्या घटना घडल्या तशाच आहेत.

पहाटे साडेचार

जरीकाम करणाऱ्या कुटुंबातली एक बाई रात्री दोन वाजता बंद गाडीतून आणली आहे. पहिलटकरीण. कळा सुरू होऊन दुसरा दिवस संपत आला. घरच्या दाईने तिला येईल ते सगळं करून पाहिलं, म्हणजे पोट दाबलं, दोनदा आत हात घातला, आणि मग हात टेकले. इस्पितळात आणलं जातं ते नेहमी इथपर्यंत पोचल्यावर. आधी दाई, मग नवस, मग शेजारची आणखी वयस्क दाई, आणि सगळ्यांत शेवटी दाक्तरबाई. त्यामुळे बाई दगावली की नाव इस्पितळाचं होतं आणि पुढची बाई आणखी उशिरा येते. जनाना इस्पितळात काम करणारी प्रत्येक डॉक्टर या चक्रात अडकलेली होती.

रॉकेलचा दिवा नर्सने हातात उंच धरला आहे. रखमाबाई हात धुताहेत. नखं मुळापर्यंत कापलेली. गरम पाणी, साबण, ब्रश, कोपरापर्यंत. मग कार्बोलिक ॲसिडचं लोशन. ते कातडी जाळतं. रोज वापरणाऱ्याच्या बोटांना भेगा पडतात, टोकं बधिर होतात. पण घाई करून चालत नाही, कारण दाईचे दोन हात आत जाऊन आलेले आहेत आणि तिसरा हात तरी स्वच्छ हवा. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी चढणारा आणि आठवड्यात बाई घेऊन जाणारा सूतिकाज्वर हातांवरून पसरतो, हे सेमेलवाइस या डॉक्टरने व्हिएन्नात १८४७ साली सांगितलं होतं. युरोपातल्या मोठ्या मोठ्या प्राध्यापकांना ते पटायला चाळीस वर्षं लागली. सुरतेतली दाई अडाणी होती असं म्हणताना मी हे विसरत नाही.

बाळाचं डोकं खाली आलं आहे, पण अडकलं आहे. पोटाला लाकडी नळी लावून ठोके ऐकले. आहेत, पण मंदावलेत. सिझेरियनचं नाव तेव्हा निघे ते अगदी क्वचित, आणि त्यातून आई उठेल याची खात्री कुणी देत नसे. हातात आहे तो चिमटा. दुसरी नर्स मास्कवर क्लोरोफॉर्म थेंब थेंब सोडते. बाळंतपणात क्लोरोफॉर्म पहिल्यांदा वापरला गेला तो एडिंबऱ्यात, आणि रखमाबाईंनी १८९४ साली ज्यांची परवाना-परीक्षा दिली त्यांत एडिंबऱ्याची वैद्यकीय कॉलेजं होती.

चिमट्याचं डावं पातं आधी. डाव्या हातात धरून, उजव्या हाताची बोटं बाळाच्या डोक्याशी ठेवून, त्या बोटांवरून ते घसरत आत न्यायचं. मग उजवं. मग दोन्हींची कडी जुळवायची. कडी आपसूक जुळली तर पाती बरोबर बसली. जोर लावावा लागत असेल तर बसली नाहीत, काढायची आणि पुन्हा लावायची. कळ येईल तेव्हाच ओढायचं आणि कळ ओसरली की थांबायचं. ओढण्यापेक्षा हे थांबणं शिकायला जास्त वेळ लागतो. बाई थकलेली, सासू दाराबाहेर मोठमोठ्याने देवाचा धावा करतेय, दिवा धरणारा हात थरथरतोय, आणि डॉक्टरने पुढच्या कळेची वाट पाहत स्वस्थ बसायचं.

पाच वाजून गेल्यावर मुलगी झाली. आधी निळसर, लुळी. तोंडातला चिकटा बोटाने काढला, पाठ चोळली, गरम फडक्यात गुंडाळून पुन्हा चोळली. रडली. नाळ कापली ती उकळून घेतलेल्या कात्रीने. घरी ती विळ्याने किंवा हाताला येईल त्याने कापतात आणि वर राख लावतात, मग आठवड्याभरात बाळाचा जबडा बसतो, अंग ताठतं. धनुर्वात. त्यावर तेव्हा कुणापाशीच खात्रीचा इलाज नव्हता. इलाज एकच, स्वच्छ कात्री.

वार पडेपर्यंत पोटावर हात ठेवून त्या बसून राहतात. वार पडली, पूर्ण आहे का ती पाहिली, रक्त थांबावं म्हणून अर्गटचा डोस दिला. बाहेर सासूला मुलगी झाल्याचं सांगितलं. सासूने तोंड फिरवलं.

सकाळी सात

थंडी आहे. तापीच्या काठावर पोंक भाजला जातो तो हाच मोसम, कोवळ्या ज्वारीचा वास पहाटे सगळ्या सुरतेवर असतो. वॉर्डातून एक फेरी झाली, प्रत्येक बाळंतिणीचं तापमान पाहून झालं, दोघींचं जास्त निघालं, त्यांना बाकीच्यांपासून वेगळं केलं. आता चहा.

औषधांचा वास रखमाबाईंना लहानपणापासून ओळखीचा. त्यांची आई जयंतीबाई: चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी आई, सतराव्या वर्षी विधवा. जात सुताराची, त्यात पुनर्विवाह चाले. त्यामुळे जयंतीबाईंचं दुसरं लग्न झालं ते डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक, आणि १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांमधल्या दोन हिंदी माणसांपैकी एक. असा माणूस घरात असूनही मुलीचं लग्न अकराव्या वर्षी लागलंच. नवरा दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुनांचाच नातेवाईक. मुलगी सासरी मात्र पाठवली नाही. ती घरी बसून मिशनच्या वाचनालयातून आणलेली इंग्रजी पुस्तकं वाचत राहिली.

सकाळी आठ

बाह्यरुग्ण विभागाचं दार उघडलं. पडदे लावलेल्या गाड्या आवारात एकामागून एक येतात. बोहरी बायका, पारशी बायका, वाण्या-ब्राह्मणांच्या लेकीसुना, गाडीचं भाडं परवडत नाही म्हणून पहाटे उठून चालत आलेल्या कोळणी आणि मजूरणी. बायकांचं इस्पितळ म्हणजे नुसतं बायकांवर उपचार करणारं नव्हे. दारवानाच्या पुढे पुरुष येणार नाही, तपासणारी बाई असेल, औषधाची बाटली हातात देणारीही शक्य तिथे बाई असेल, या एका हमीवर त्या घराबाहेर पडलेल्या असतात. एरवी पुरुष डॉक्टरला बोलवायचंच झालं तर तो पडद्याबाहेर बसे, बाई पडद्यातून हात काढून नाडी दाखवी, आणि गर्भाशयाचं दुखणं त्याने मनगटावरून ओळखावं अशी अपेक्षा असे.

हिवताप, क्विनाइन. खरूज, गंधकाचं मलम. पांढऱ्याफटक पापण्या, लोहाचं औषध. तान्ह्याची हगवण. अंगावर जाणारं पांढरं, आणि ते सांगायला खाली घातलेली मान. प्रत्येकीने बाटली घरून आणायची, त्यावर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून मिळते.

साडेनऊच्या सुमाराला एक उच्च कुळातली पडदानशीन बाई येते. तिशीही नसेल. दोन बायकांच्या खांद्यांवर भार टाकून, बदकासारखी डुलत चालते. कमरेत आणि मांड्यांत दुखतं, मागची दोन बाळंतपणं अडून मुलं गेली, आता तिसऱ्यांदा दिवस आहेत. रखमाबाई कंबरेची हाडं चाचपतात. आत दबलेली. हाडं मऊ होण्याचा हा विकार पडद्यातल्या बायकांत फार. खालच्या मजल्यावरची अंधारी खोली, वर्षानुवर्षं उन्हाचं नाव नाही, त्यावर लागोपाठ बाळंतपणं. ऊन आणि हाडं यांचा नेमका संबंध शास्त्राला कळला तो १९२०च्या दशकात, पण कोणत्या घरातल्या बायकांची कंबर वाकते हे जनाना इस्पितळातल्या डॉक्टर रोज बघत होत्या. मच्छीचं तेल लिहून दिलं. शाकाहारी असेल तर तेही परत येणार. दूध सांगितलं. गच्चीवर रोज बसायला सांगितलं. गच्ची शेजाऱ्यांना दिसते, असं बरोबरच्या बाईने सांगितलं.

पुढे १९२९ साली रखमाबाईंनी पडदापद्धत बंद झाली पाहिजे असा इंग्रजी लेख लिहिला. समाजसुधारणेचा विषय म्हणून तो वाचता येतो. मला त्याच्यामागे ही दबलेली कंबर दिसते.

सकाळी दहा

आई मुलीला घेऊन आली आहे. मुलगी तेरा वर्षांची. चार महिने पाळी आलेली नाही. आईला वाटतं रक्त कमी असेल. तपासायला वेळ लागत नाही, चौथा संपून पाचवा लागलाय. मुलीच्या हातात सागरगोटे आहेत, तपासताना तिने ते मुठीत घट्ट धरून ठेवले आहेत.

हा नवरा कायद्याने गुन्हेगार नाही. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला तेव्हा मर्यादा दहावरून बारा केली, तीही केवढा गदारोळ होऊन. कलकत्त्याची फुलमणी दासी, दहा-अकरा वर्षांची, नवऱ्याने केलेल्या बळजबरीत मेली, म्हणून सरकार हललं. पण फुलमणीच्या आधी सबंध देशात या प्रश्नावर रान उठवलं ते समोर बसलेल्या या डॉक्टरच्या खटल्याने.

१८८४ साली दादाजीने रखमाबाईंना नांदायला पाठवावं म्हणून वकिलाची नोटीस दिली. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या. जन्मदात्या वडिलांची मालमत्ता त्यांच्या नावावर होती, हे या ओढीमागचं एक उघड कारण. २१ सप्टेंबर १८८५ला न्या. पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला: जी कधी नांदलीच नाही तिला 'परत' नांदायला लावायचं हा काय न्याय? अपिलात तो फिरला. खटला पुन्हा उभा राहिला आणि ४ मार्च १८८७ला न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैदेत. रखमाबाईंनी कळवलं की कैद पत्करीन. मधल्या काळात 'अ हिंदू लेडी' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्रं आली होती, ती त्यांचीच.

आता एक तारीख शेजारी ठेवा. फॅरनचा निकाल लागण्याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. वय एकवीस. अमेरिकेतून एम.डी. होऊन आल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झालेली होती, पण कामावर रुजू व्हायला शरीर उरलं नाही. एक मराठी मुलगी डॉक्टर होऊन आली आणि तिला कामाचा एक दिवस मिळाला नाही. दुसरीला त्याच आठवड्यात कैद की सासर असं विचारलं जात होतं. आनंदीबाईंना जे मिळालं नाही ते हेच, आत्ता रखमाबाईंच्या वाट्याला आलेलं: गर्दीची सकाळ, चिकटवायच्या कागदी पट्ट्या, सागरगोटे मुठीत धरलेली मुलगी.

खटला १८८८च्या जुलैत दोन हजार रुपये देऊन मिटवला गेला. पुढच्या वर्षी रखमाबाई इंग्लंडला निघाल्या. त्यामागे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची होत्या. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीला शिरलेल्या सात बायकांपैकी एक, रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात येऊनही 'बाई म्हणून' जिची शिष्यवृत्ती दुसऱ्याला दिली गेली ती. मुलींना वैद्यकी शिकू देत नाहीत म्हणजे काय, हे पीचीबाईंना समजावून सांगावं लागलं नसणार. लंडनला स्त्रियांची वैद्यकीय शाळा होती, रॉयल फ्री हॉस्पिटलात प्रत्यक्ष काम मिळे. पण लंडनच्या रॉयल कॉलेजांची परीक्षा बायकांना बंद. म्हणून मग स्कॉटलंडला जाऊन तिथली परवाना-परीक्षा, आणि पुढे ब्रुसेल्स. लंडनची ती दारं आजच्या या शुक्रवारीही, १९०७ संपत आलं तरी, उघडलेली नाहीत.

मुलीच्या आईला रखमाबाई काय सांगू शकतात? मुलीला आत्ताच माहेरी ठेवून घ्या, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, कुणी विचारायचं नाही. दूध, भाजी, भाकरी. दर महिन्याला इथे आणा. कळा लागल्या की दाईला न बोलावता थेट इथे. वहीत वय लिहिलं: तेरा. पुढची पेशंट.

दुपारी बारा

आज एक दाई आली आहे, आपणहून. दिवसाचं सगळ्यांत मोलाचं काम हे, असं मी म्हणेन.

रखमाबाई सुरतेत नव्या होत्या तेव्हा इस्पितळात बाळंतपणाला कुणी येतच नसे. तिथे नेलं की पोट फाडतात, बाटवतात, असं शहरभर बोललं जाई. तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी आणवली, बायकांच्या देखत तिची इस्पितळात सुटका केली, आणि शेळी व करडू दोघं धडधाकट आहेत हे सगळ्यांना दिसू दिलं, अशी आठवण सांगितली जाते. लंडनला शिकून आलेल्या बाईला हे करताना कमीपणा वाटला नाही, यात मला त्यांची सगळी जात कळते. व्याख्यान देऊन भागलं नसतं, हे त्यांना बरोबर समजलं होतं.

दाईचं तसंच आहे. तिला हाकलून चालणार नाही. शहरातली बहुतेक बाळंतपणं तिच्याच हातून होणार, कारण घरं तिच्यावर विश्वास टाकतात, आणि उकिरड्याजवळच्या खोलीत, विटाळात, दहा दिवस बाळंतिणीजवळ बसायला दुसरं कुणी तयार नसतं. दायांना शिकवण्यासाठी लेडी कर्झनच्या पुढाकाराने १९०३ साली निधी उभा राहिला. पण वर्गाला बसलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. तेव्हा शिकवायचं ते थोडं आणि हातात देता येईल असं: नखं काप. बांगड्या उतरव. हात साबणाने धू. आत हात घालू नकोस. कात्री आणि दोरा पाण्यात उकळ. राख लावू नकोस. हात आडवा आला, नाळ आधी आली, एक दिवस उलटून गेला, तर इकडे घेऊन ये. आणल्याबद्दल तुला कुणी बोलणार नाही. शेवटचं वाक्य दाईला दोनदा सांगायचं असतं, कारण ती त्यालाच घाबरते.

दुपारी अडीच

फ्रेंच गार्डनच्या बाजूने गलका. अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं. तिथे टिळकांचा जोर, म्हणून मवाळांनी ते सुरतेला आणलं. काल गोंधळात तहकूब झालं, आज पुन्हा भरलं. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांचं नाव पुढे आल्यावर टिळक बोलायला व्यासपीठावर चढले, त्यांना बोलू देईनात, ते हटेनात. तेवढ्यात एक मराठी जोडा आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर पडला. मग काठ्या, खुर्च्या, पोलीस.

वीस वर्षांपूर्वी याच टिळकांनी रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं होतं. हिंदू धर्मावर आलेलं संकट, इंग्रजी शिक्षणाचं फळ, असा सगळा सूर. टिळकांच्या मोठेपणाविषयी मला शंका नाही, आणि म्हणूनच हे लिहायला हवं की या प्रश्नावर ते चुकले, आणि त्यांच्या लेखणीचं वजन एका वीस-बावीस वर्षांच्या मुलीवर पडलं. आज दोघं एकाच गावात आहेत. मंडपात कुणी कुणाला बोलू द्यायचं यावरून राष्ट्रीय सभा दुभंगतेय. इकडे वॉर्डात पहाटेच्या बाळंतिणीला लघवी झाली का हे पाहायचं आहे. चिमट्यानंतर हे पाहावंच लागतं. झाली आहे. ताप नाही.

सासू दुपारी पुन्हा आली, मुलीला मांडीवर घेतलं.

दुपारी साडेचार

नोंदवह्या. किती आल्या, किती दाखल, किती बाळंतपणं, किती गेल्या. औषधांचा साठा. कापूस संपत आला. नर्सेसना अर्धा तास शिकवणं, आज विषय बाळाचे डोळे: जन्मल्याबरोबर डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब, नाहीतर आईकडून आलेल्या रोगाने मूल आंधळं होतं.

लेडी डफरिन फंड १८८५ साली निघाला आणि देशात जनाना इस्पितळं उभी राहिली. पण इमारत बायकांची, आणि वरचा अधिकार बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडे. पगार कमी, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. याच १९०७ साली हिंदुस्थानातल्या डॉक्टर बायकांनी आपली संघटना काढली आणि स्वतंत्र स्त्री-वैद्यक सेवेची मागणी केली. ती सेवा १९१४ला सुरू झाली. पुढे रखमाबाईंनाही तिच्यात येण्याचं बोलावणं आलं, आणि त्यांनी ते नाकारून राजकोट संस्थानच्या बायकांच्या इस्पितळात जाणं पसंत केलं. तिथे त्या निवृत्तीपर्यंत राहिल्या.

संध्याकाळी सात

घरभेटी दोन. एका घरी गाठ आली म्हणून बोलावलं होतं. जांघेत गाठ आणि ताप म्हणजे पहिला विचार प्लेगचा. १९०७ या एका वर्षात देशभरात दहा लाखांवर माणसं प्लेगने गेली. गाठ पायाच्या जखमेची निघाली. सगळं घर रडायचं थांबलं.

गाडीतून परतताना रखमाबाईंच्या अंगावर पांढरं लुगडं आहे. तीन वर्षांपूर्वी, १९०४ साली, दादाजी वारला आणि त्यांनी विधवेचा वेष घेतला. हे ऐकून आजच्या वाचकाला धक्का बसतो. ज्याचं नवरेपण हायकोर्टात नाकारलं, त्याचं वैधव्य का पाळायचं? मला त्यात माघार दिसत नाही. न कळत्या वयात लावलेलं लग्न माझ्यावर बांधून घालू नका, मला माझ्या मर्जीविरुद्ध त्या घरात ढकलू नका, एवढं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावरून त्या तसूभर हलल्या नाहीत. पुन्हा लग्नही त्यांनी केलं नाही. आणि ज्या घरांच्या माजघरांत त्यांना रोज जायचं होतं त्या घरांना पांढरं लुगडं समजत होतं. त्यांनी ते काय विचाराने नेसलं हे त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्यांच्याकडून जाब मागणार नाही. जाब मागणारे त्यांना आयुष्यात पुष्कळ भेटले.

रात्री साडेदहा

पुन्हा बोलावणं. दुपारची दाई स्वतः आली आहे, बरोबर घरचा मुलगा कंदील घेऊन. हात आडवा आलाय, मी आत हात घातला नाही, एवढंच ती धापा टाकत सांगते. बाईला हलवायला घरचे तयार नाहीत.

पिशवी तयारच असते: चिमटा, कात्री, दोरा, क्लोरोफॉर्मची बाटली, मास्क, कार्बोलिक, अर्गट, नळी, स्वच्छ फडकी.

घर दोन गल्ल्या पलीकडे. बाळंतिणीची खोली आतली, खिडकीला चिंध्या कोंबलेल्या, शेगडीचा धूर इतका की कंदील पिवळा दिसतो. सहा बायका भोवती बसलेल्या. मूल आडवं असेल तर आत हात घालून पाय धरून वळवावं लागतं, आणि त्यासाठी क्लोरोफॉर्म लागणार. क्लोरोफॉर्म आणि पेटलेली शेगडी एका बंद खोलीत ठेवली तर विषारी वायू होतो, सगळ्यांचेच श्वास कोंडतात. रखमाबाई शेगडी बाहेर न्यायला सांगतात. सासू म्हणते, बाळंतिणीला वारा लागेल. रखमाबाई पाणी उकळायला लावतात, दिवा लांब ठेवतात, सहातल्या पाच जणींना उठवतात, आणि पुन्हा शेगडीचं सांगतात. सासू हलत नाही. तेव्हा दाईच उठते, पदराने शेगडीचे कान धरून ती अंगणात नेऊन ठेवते, परत येऊन खिडकीतल्या चिंध्या ओढून काढते, बांगड्या उतरवते आणि हात धुवायला बसते.